तिरुपतीच्या वाटेवरचा गंडिकोटा

आमच्या घरातली जमीन शहाबादी फरशीची आहे आणि स्वयंपाकघरातला ओटा कडप्प्याचा. लग्न होऊन आम्ही या घरात आलो त्याला आता चाळीस वर्षे होतील. एवढ्या काळात त्या फरशीवर मुले रांगली, चालली आणि आपापल्या वाटेने निघून गेली; त्या ओट्यावर सौ.ने किती पोळ्या लाटल्या असतील त्याचा हिशेब तिलाही सांगता येणार नाही. पण शहाबाद आणि कडप्पा ही खरोखरीची गावे आहेत, तिथे आगगाडी थांबते आणि माणसे चढतात-उतरतात, हे आम्हां दोघांपैकी कुणाच्या कधी ध्यानीमनीही आले नव्हते. मुंबईहून चेन्नईला जाणाऱ्या लोहमार्गावर ही दोन्ही गावे लागतात. म्हणजे असे म्हणायला हरकत नाही, की आमची गाडी घरातल्या फरशीवरून निघाली आणि ओट्यापाशी जाऊन थांबली!

आम्ही निघालो होतो तिरुपतीला. मध्यंतरी मला एक मोठे दुखणे येऊन गेले. त्या काळात सौ.ने बालाजीला नवस बोलला होता. नवस माझ्यासाठी, तेव्हा फेडायला मी बरोबर असलोच पाहिजे, हे ओघानेच आले. दर्शनाची तारीख आणि वेळ मुलाने आगाऊ ठरवून दिली. तयारी चालली असताना मी नकाशा उघडून बसलो आणि माझे बोट रेल्वेच्या रेघेवरून सरकत सरकत कडप्प्याच्या अलीकडे एका नावावर येऊन थबकले : गंडिकोटा.

हे नाव मी फार पूर्वी वाचले होते. डोंगरमाथ्यावर पडका किल्ला आणि त्याच्या पायाशी पेन्ना नदीची खोल घळ. तेव्हापासून ते मनात कुठेतरी अडकून राहिले होते.

"वाटेतच आहे," मी म्हणालो.

"देवाला जाताना वाटेत काही नसतं," सौ. म्हणाली. "आधी दर्शन. मग काय पाहायचं ते पाहा."

पण परतीची तिकिटे दुसऱ्या मार्गाची होती. शेवटी एक दिवस आधी निघायचे, एकच मुक्काम करायचा आणि "दर्शनाची वेळ चुकली तर पुन्हा तोंड दाखवू नका" या अटीवर परवानगी मिळाली.

सोलापूर गेले, शहाबाद गेले, वाडी जंक्शन गेले. कृष्णा ओलांडून गाडी रायचूरला आली आणि तिथून पुढे मुलुख बदलला. मोकळे माळ, त्यांवर कुणी रचून ठेवावेत तसे गोल धोंडे, मध्येच एखादी उघडी टेकडी. गुंटकलनंतर गुत्ती लागते. खिडकीतून गुत्तीचा किल्ला दिसताच मी सौ.ला उठवले. हा किल्ला म्हणजे मुरारराव घोरपड्यांचे ठाणे. दक्षिणेत मराठ्यांचे नाव राखणारा तो एक मोठा सेनानी. 1776 साली हैदरअलीने गुत्ती घेतली आणि मुरारराव कैदेतच वारले. आपल्या माणसाचा किल्ला असा परक्या मुलखात अवचित समोर आला, की ऊर भरून येतो. सौ.ने खिडकीतून हात जोडले आणि ती पुन्हा झोपली.

येर्रगुंटल्याला आम्ही उतरलो. किल्ल्याला याहून जवळचे स्टेशन मुद्दनूर. पण ते लहान आहे आणि सगळ्या गाड्या तिथे थांबत नाहीत. मोटार ठरवली आणि जम्मलमडुगूच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना दगडाच्या फरश्या रचून ठेवलेल्या. कुठे त्यांचीच कुंपणे, कुठे त्यांचीच छपरे. सौ. बराच वेळ बघत होती, मग एकदम म्हणाली, "अहो, हा तर आपला ओटा!" त्या क्षणापासून हा मुलुख तिला परका राहिला नाही.

जम्मलमडुगूपासून गंडिकोटा पंधरा किलोमीटर. आपल्याकडे किल्ला म्हटला की पायथ्याचे गाव, मग दम काढणारी चढण, मग दरवाजा, अशी आपली कल्पना. इथे तसे होत नाही. रस्ता नकळत चढत जातो आणि तांबड्या दगडांचा तट एकाएकी समोर उभा राहतो. कमानीचा भव्य दरवाजा, त्याला अजून लाकडी दारे, दारांवर लोखंडी पत्रे आणि हत्तीला अडवण्यासाठी ठोकलेले टोकदार खिळे. दरवाजातून आत गेल्यावर वाटा वळणे घेतात. आपल्या गडांची आठवण यावी अशीच योजना. तटाचा घेर सगळा मिळून सुमारे पाच मैल. आणि आत ओसाड रान नाही, तर नांदते गाव आहे. अंगणात शेळ्या बांधलेल्या, दाराशी मुले खेळत असलेली, पडक्या भिंतीवर वाळत घातलेली लुगडी. किल्ल्याचे राज्य बुडाले, पण संसार बुडालेला नाही.

गावातून पुढे चालत गेले की घरे संपतात, मग वाट संपते आणि मोठमोठ्या शिळा सुरू होतात. एका शिळेवरून दुसऱ्या शिळेवर पाय टाकीत आम्ही गेलो. मी पुढे होतो. शेवटच्या शिळेवर चढलो आणि पुढे जमीनच नव्हती.

खाली जवळजवळ तीनशे फुटांवर पेन्ना वाहत होती. अलीकडचा कडा आणि पलीकडचा कडा सुरीने कापल्यासारखे सरळ. दगडाचे थर एकावर एक असे नेमके बसलेले, की एखाद्या जुन्या कचेरीत दप्तरांच्या चळती लावून ठेवल्या आहेत असे वाटावे. रंग तांबडा, कुठे केशरी, सावलीत जांभळट. नदी त्यामधून वळण घेऊन दिसेनाशी झालेली. वाऱ्याचा आवाज तेवढा होता. आम्ही गेलो तेव्हा त्या जागी ना कठडा होता, ना तार.

मी आणखी एक पाऊल पुढे टाकणार तोच मागून सदऱ्याला हिसका बसला. सौ.ने माझा सदरा पाठीमागून घट्ट मुठीत धरला होता. "एकदा देवाकडून मागून आणलंय," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा मागायला मला तोंड नाही." त्यानंतर तासभर आम्ही त्या शिळेवर बसलो, पण तिने मूठ सोडली नाही.

तेलुगूत 'गंडि' म्हणजे घळ आणि 'कोटा' म्हणजे किल्ला. नावातच सगळे आले. हे डोंगर एर्रमलाचे. 'एर्र' म्हणजे तांबडा. इथला खडक शंभर कोटी वर्षांहून जुना. त्या काळी हा भाग पाण्याखाली होता; वाळूचे थर साचत गेले, दाबाने घट्ट झाले आणि त्यांचा इतका कठीण दगड बनला की भूगर्भशास्त्रज्ञांनी या खडकाला गंडिकोट्याचेच नाव दिले आहे. एवढ्या कठीण दगडात नदीने वाट काढली कशी? तर दगड कठीण असला तरी अखंड नाही. त्याला आडव्या थरांच्या आणि उभ्या भेगांच्या रेघा आहेत. पाण्याबरोबर येणारी वाळू तळ घासत राहते, पाणी भेगेत शिरते, एखादा चौकोनी तुकडा सुटून खाली पडतो. म्हणून कडे असे सरळ, पायऱ्यापायऱ्यांचे राहिले. आणि पेन्ना काही बारमाही भरून वाहणारी नदी नव्हे. ती कर्नाटकात नंदीच्या डोंगरांच्या परिसरात उगम पावते, कोरड्या मुलखातून येते आणि नेल्लूरकडे समुद्राला मिळते. वर्षातले थोडे दिवस जोर करणाऱ्या नदीने हे काम केले आहे! आता गंडिकोटा आणि मैलावरम अशी दोन धरणे जवळ झाली आहेत, त्यामुळे घळीतले पाणी नदीच्या मर्जीपेक्षा माणसांच्या मर्जीने चढते-उतरते.

या जागेवर किल्ला बांधावा हे ज्याला सुचले त्याची नजर मानली पाहिजे. परंपरा असे सांगते, की काकराजा नावाच्या सामंताने 1123 साली इथे पहिला कोट घातला. पुढे विजयनगरचे राज्य आले आणि पेम्मसानी घराण्याच्या नायकांकडे हा किल्ला गेला. आज जो तट, जी देवळे दिसतात ती बरीचशी या काळातली. 1565 मध्ये विजयनगरचा मोठा पराभव झाला, राजधानी उद्ध्वस्त झाली; पण गंडिकोट्याचे नायक त्यानंतरही ऐंशीहून अधिक वर्षे टिकून होते. एका बाजूला घळ, दुसऱ्या बाजूंना डोंगर आणि हा तट. शत्रूने यावे कुठून?

तो आला, 1650 च्या सुमारास. त्याचे नाव मीर जुमला. हा माणूस मोठा विलक्षण. इराणातून तो एका हिऱ्यांच्या व्यापाऱ्याच्या पदरी कारकून म्हणून आला आणि स्वतःच्या कर्तबगारीवर गोवळकोंड्याचा वजीर झाला. खाणी त्याच्या, जहाजे त्याची, फौज त्याची. पुढे गोवळकोंडा सोडून तो मोगलांना मिळाला, औरंगजेबाचा सेनापती झाला आणि 1663 मध्ये आसामच्या स्वारीवरून परतताना मेला. गंडिकोटा त्याने कसा घेतला याची इथली लोककथा अशी, की तटापुढे त्याचे काही चालेना. तेव्हा आतलाच एक कारभारी फुटला आणि त्याने नायकाला विष घातले. घळीकडून शत्रू आला नाही, दरवाजाकडूनही आला नाही. तो जेवणाच्या ताटातून आला. कथेचा शब्दन् शब्द खरा असेल असे नाही. पण किल्ल्यांच्या कथा आपण इतक्या ऐकल्या आहेत, की ही ऐकताना नवल मात्र वाटत नाही.

मीर जुमला इथे असतानाच, 1652 च्या सप्टेंबर महिन्यात, ताव्हेर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या त्याला मोती आणि रत्ने दाखवायला गंडिकोट्याला आला. त्याने आपल्या प्रवासवृत्तात या जागेचे वर्णन केले आहे : एका बाजूला भयंकर कडा आणि वर यायला डोंगरात कोरलेली एकच अरुंद वाट. त्याहून मला आवडली ती मीर जुमल्याच्या दरबाराची हकीकत. तंबूत नबाब अनवाणी बसलेला; पायाच्या बोटांच्या बेचक्यांत पत्रे खोचलेली, डाव्या हाताच्या बोटांतही पत्रे. कधी पायातले पत्र काढायचा, कधी हातातले, आणि दोन चिटणिसांना उत्तरे सांगत राहायचा. आयुष्याची बत्तीस वर्षे कचेरीत घालवलेल्या माझ्यासारख्याला तो नबाब एकदम ओळखीचा वाटला. फरक इतकाच, की त्याच बैठकीत तो गुन्हेगारांना शिक्षाही फर्मावीत होता आणि त्या तिथल्या तिथे अमलात येत होत्या.

हे सगळे मी शिळेवर बसल्या बसल्या सौ.ला सांगत होतो. मग मी तिला मूर्तींची गोष्ट सांगितली. तीही ताव्हेर्नियेचीच. मीर जुमल्याला तोफा हव्या होत्या. त्यासाठी त्याने देवळांतल्या तांब्याच्या मूर्ती गोळा करवल्या आणि एका फ्रेंच ओताऱ्याला कामाला लावले. बाकीच्या मूर्ती वितळल्या. पण गंडिकोट्याच्या देवळातल्या सहा मूर्ती काही केल्या वितळेनात. पुजाऱ्यांनी मंत्र घातला आहे असा नबाबाला संशय आला, त्याने धमक्या दिल्या. मूर्ती होत्या तशाच राहिल्या.

माझी अपेक्षा अशी, की देवभोळी सौ. हे ऐकून हात जोडील. ती म्हणाली, "आच कमी पडली असेल."

"काय?"

"जाड भांडं आणि लहान शेगडी. मोठी भरीव मूर्ती वितळवायची तर भट्टीही तेवढी हवी. तुमच्या त्या फ्रेंच माणसाला तोफा तरी करता आल्या का?"

मी आठवून पाहिले. ताव्हेर्नियेच्या सांगण्याप्रमाणे त्या ओताऱ्याच्या हातून धड तोफ काही उतरली नव्हती. तसे मी कबूल केले.

"झालं तर," सौ. म्हणाली. "देवानं स्वतःला वाचवायला मंत्र कशाला घालावा? वाईट कारागीर पुरे झाला."

ऊन वर आले होते. आम्ही उठलो आणि माधवरायाच्या देवळाकडे निघालो. या देवळाचे गोपुर दुरूनही दिसते. जवळ गेल्यावर एक म्हातारा भेटला. डोक्याला रुमाल, हातात काठी, बरोबर पाचसहा शेळ्या. तो गावातला मुसलमान होता आणि दखनी बोलत होता, त्यामुळे आमचे जमले. तेलुगू मुलखात दोन दिवस खुणांनी बोलल्यावर ती बोली कानाला गोड लागली. शेळ्या बाहेर सोडून तो आमच्याबरोबर आला आणि गोपुराच्या दाराशी वाकून त्याने पायातल्या वहाणा काढल्या.

आत विस्तीर्ण आवार. मधोमध मंडप. तांबड्या दगडाचे खांब आणि खांबांवर इतके कोरीव काम, की हात लावला तर दगड ऊबदार असेल असे वाटावे. हंसांच्या रांगा, नर्तकी, वादक, उड्या घेणारे घोडे. छताच्या फटीतून उन्हाचा एक पट्टा येऊन बरोबर गाभाऱ्याच्या दाराशी पडला होता. आम्ही आत डोकावलो. गाभारा रिकामा होता. समई नाही, फूल नाही, वास होता तो फक्त वटवाघळांचा.

सौ. दाराशी उभी राहिली. तिच्या पिशवीत तिरुपतीसाठी बांधून घेतलेला नारळ होता. तिने पिशवीकडे पाहिले, आत पाहिले आणि तशीच उभी राहिली. मला अपराध्यासारखे झाले. नवस फेडायला निघालेल्या बाईला मी रिकाम्या गाभाऱ्यापुढे आणून उभे केले होते. माझे दुखणे, तिच्या त्या रात्री, इस्पितळातल्या बाकावर तिने मोजलेले तास हे सगळे मला तिथे आठवले. तिने ज्याच्याकडे मागितले तोच जर जागेवर नसता तर, असा एक वेडा विचार मनाला चाटून गेला.

म्हातारा हळूच म्हणाला, "इधर देव नहीं है, अम्मा. फिर बी हम लोगां चप्पल निकालके आतें."

सौ. खाली वाकली. गाभाऱ्याच्या उंबरठ्याला तिने उजवा हात लावला, तो कपाळाला लावला आणि बाजूला झाली. बाहेर आल्यावर मी विचारले, "नमस्कार कुणाला केलास?"

"उंबरठ्याला," ती म्हणाली. "देव असो नसो, उंबरठा तर आहे ना? इतकी माणसं ज्यावर डोकं टेकून गेली, त्याला ओलांडून यायचं कसं?"

यावर मला बोलता आले नाही.

पुढे म्हाताऱ्याने आम्हांला सगळा किल्ला दाखवला. जामा मशीद मोठी देखणी आहे. दोन मिनार, कमानींची रांग आणि समोर पटांगण. तीही देवळासारखीच शांत. तिथेही त्याने वहाणा काढल्या आणि आता सांगावे न लागता आम्हीही काढल्या. मशिदीजवळच धान्याचे कोठार आहे, उंच घुमटाकार छताचे. वेढा पडला तर गडाने महिनोन् महिने खावे अशी ती सोय. इथे एक लहानसा चार मिनार आहे, त्याला कबुतरांचा मनोराही म्हणतात. तुरुंगाची इमारत आहे. रंगनाथाचे दुसरे देऊळ आहे, तेही कोरीव, तेही रिकामे. आणि एक पुष्करणी आहे, 'कत्तुल कोनेरू', म्हणजे तलवारींचे तळे. लढाईनंतर शिपाई इथे तलवारी धूत आणि पाणी लाल होई असे सांगतात. आम्ही पाहिले तेव्हा एक मुलगी तिथे उकिडवी बसून शेळीच्या पिलाला पाणी पाजत होती.

दुपारी एका झाडाखाली आम्ही शिदोरी सोडली. सौ.ने म्हाताऱ्याला दशमी आणि शेंगदाण्याची चटणी दिली. चटणी खाऊन त्याने बोटे चाटली, उठून घरी गेला आणि नातवाच्या हाती वाडगाभर चटणी घेऊन परत आला. तीही शेंगदाण्याचीच, फक्त तिखट इतकी, की आमच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. नाचणीच्या गरम गोळ्याबरोबर, 'रागी संगटी'बरोबर, ही चटणी इकडे खातात. त्या दोघांत मग शेंगदाणे किती भाजावेत, लसूण केव्हा घालावा यावर जी चर्चा झाली तिच्यात मला स्थान नव्हते. निघताना मी पैसे पुढे केले. ते त्याने घेतले नाहीत. नातवाच्या हाती सौ.ने खाऊसाठी म्हणून दिले, ते मात्र राहू दिले.

संध्याकाळी पुन्हा घळीच्या काठी गेलो. सूर्य उतरला तसे पलीकडचे कडे आधी पेटल्यासारखे लाल झाले, मग विझत विझत काळे पडले. आमच्या मागे पाच मैलांचा तट होता. तो बांधणाऱ्यांनी किती घाम गाळला असेल! सगळा हेतू एकच, की बाहेरच्याने आत येऊ नये. तट अजून उभा आहे आणि ज्यांच्यासाठी बांधला ते कुणी राहिले नाहीत. उलट देवळाचा उंबरठा हातभर उंचीचा. तो कुणाला अडवण्यासाठी नव्हताच. येणाऱ्याने क्षणभर थांबून मग आत पाऊल टाकावे एवढ्यासाठी होता. त्याला मात्र आजही एखादी वाट चुकून आलेली बाई हात लावते आणि एक शेळ्या राखणारा म्हातारा त्याच्यासाठी वहाणा काढतो. हा विचार मी सौ.ला सांगितला नाही. तिने तो माझ्याआधीच, आणि दोन वाक्यांत, सांगून टाकला होता.

रात्री पर्यटन खात्याच्या निवासात राहिलो आणि सकाळी मोटारीने कडप्प्याला आलो. गाडीला दोन तास होते. मोटारवाला म्हणाला, तिरुपतीला जाता तर आधी 'देवुनि कडप' करा. पूर्वी उत्तरेकडून तिरुमलैला चालत जाणारे यात्रेकरू या व्यंकटेशाचे दर्शन घेतल्याशिवाय पुढे जात नसत. आम्ही गेलो. जागते, नांदते देऊळ. घंटा, कापूर, तुळशीचा वास. इथे उगादीच्या दिवशी गावातले मुसलमानही नारळ घेऊन येतात. व्यंकटेशाची एक राणी बीबी नांचारी ही मुसलमान होती अशी कथा आहे, त्यामुळे ते या देवाला सोयरा मानतात. सौ.ने ते ऐकले आणि माझ्याकडे पाहिले. दोघांनाही तो शेळ्यावाला म्हातारा आठवला असावा.

"पण 'कडप' म्हणजे काय?" मी विचारले.

मोटारवाल्याने देवळाच्या दाराकडे बोट दाखवले. "गडप. उंबरठा. हे गाव म्हणजे तिरुमलैचा उंबरठा."

सौ. काही बोलली नाही. तिने वाकून उंबरठ्याला हात लावला आणि आत गेली. पिशवीतला नारळ तिने तिथे वाढवला. तिरुपतीसाठी दुसरा घेता येईल, म्हणाली.

तिरुपतीचे दर्शन वेळेवर झाले हे सांगायलाच हवे, नाहीतर हा लेख लिहायला मी घरात राहिलो नसतो. ती गर्दी, तो गजर, क्षणभराचे ते दर्शन यांविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. मी पुन्हा लिहीत नाही. तुम्हीही कधी त्या वाटेने गेलात तर एक दिवस गंडिकोट्याला द्या. पावसाळा संपल्यापासून फेब्रुवारीपर्यंत जावे. त्या मुलखातला उन्हाळा सोसण्यासारखा नाही. पायात चांगल्या वहाणा, बरोबर पाणी आणि मुले असतील तर त्यांचे हात घट्ट धरावेत. मुले नसतील तर नवऱ्याचा सदरा.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला उशीर झाला म्हणून मी स्वयंपाकघरात डोकावलो. सौ. ओटा धूत होती. रोजच धुते. आज मात्र पुसून झाल्यावर तिने कोरड्या हाताने त्या काळ्या दगडाला एकदा स्पर्श केला आणि मग त्यावर चहाचे आधण ठेवले.